डाव्या सीटवरून

लामारा गॅरेजात आली तेव्हा मी कॅटलॉग उघडून तयार.
विकायचंच असतं मला, खोटं कशाला बोलू?
जानेवारीत कुताइसीत गिऱ्हाईक म्हणजे देवमाणूस.
दाखवलं तिला सगळं. सतरा इंची काळे अलॉय, काठाला लाल रेघ,
छतावर दिव्यांची पट्टी, रात्रीचा दिवस करणारी,
बंपरवर लोखंडी नळ्या, जशा रानगाढवाला शिंगं.
तिने चष्मा कपाळावर चढवला.
म्हणाली, नुगझार, मी पियानोचे सूर लावते.
राचाच्या डोंगरात माझ्या नऊ शाळा, नऊ पियानो,
आणि थंडीत नऊच्या नऊ उतरतात.
मला तिथवर पोचव. वरात नको.

मग सोळाच.
जाड दातांचे टायर, भिंत उंच,
साधी पोलादी रिम, दगडावर आपटली तर हातोडीला ऐकणारी.
मधलं भोक हबपेक्षा मोठं निघालं,
कडी घातली आत, नाहीतर ऐंशीच्या पुढे
गाडी म्हाताऱ्यासारखी मान हलवते.

आवारातच तिने स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं.
काहीतरी घासतंय, म्हणाली.
बावीस वर्षं हेच करतोय मी. मला काही ऐकू आलं नाही.
पुढचं उजवं, म्हणाली, खर्जात.
वाकून पाहिलं, तर मडफ्लॅपचा कोपरा
टायरला चाटून जात होता, जेमतेम.
तो कातरला. आतलं प्लास्टिक गरम हवेने मऊ करून
अंगठ्याने मागे रेटलं.
पुन्हा फिरवलं. ती ऐकत राहिली
मी इंजिन बंद केल्यावरसुद्धा.

पाठीवरचं पाचवं चाक जुन्याच मापाचं.
हे आता जुळणार नाही, मी बजावलं.
असू दे, म्हणाली, त्याची हवा वाझाने भरलीय.
वाझाला मी ओळखत होतो. ऑक्टोबरात गेला.
मी पाना शोधायला आत गेलो. पाना हातातच होता.

आता ही गाडी जपानहून आलेली, चौदा वर्षांची,
स्टिअरिंग उजवीकडे. आणि आमचा रस्ता चालतो उजवीकडून,
म्हणजे चालवणारा बसतो गटाराच्या कडेला,
पुढच्या ट्रकपलीकडून काय येतंय
ते दिसतं फक्त शेजारच्याला.
म्हणून तिला खरं हवं होतं ते एवढंच,
डाव्या आरशाखाली एक कॅमेरा,
डॅशबोर्डवर तळहाताएवढा पडदा.
तो बसवला. वायर खांबाच्या आतून नेली, नीट, चिमट्यांनी.

मग चक्कर मारायला निघालो, त्स्काल्तुबोच्या रस्त्याने.
मी डावीकडे, कान चाकांवर.
पुढे लाकडाचा ट्रक, ओल्या बीचचे ओंडके,
वीसच्या वेगाने.
पडद्यावर रस्ता रिकामा, लख्ख दिसत होता.
ती मागेच राहिली.
एक वळण गेलं. दुसरं गेलं.
चर्च आलं, तिने क्रॉस केला, मीही केला.
मला वाटलं क्लच घसरतोय का, विचारावं.
मग कळलं ती कशासाठी थांबलीय.

मी मान बाहेर काढली, खरोखर पाहिलं,
लांबवर, पुलापर्यंत,
आणि म्हणालो: मिदी.
जा.

तिने तिसरा टाकला.
ओंडक्यांचा वास खिडकीतून आत आला आणि मागे पडला.
आम्ही दोघंही काही बोललो नाही,
आणि घासण्याचा आवाज, सांगायचं राहिलं, कुठेच नव्हता.

बिलावर मी लिहिलं: चार रिम, चार टायर, चार कड्या,
कॅमेरा एक, मजुरी.
खाली नेहमीचं वाक्य, सगळ्यांना लिहितो ते:
शंभर किलोमीटरनंतर परत या,
नट थोडे सैल पडतात,
पुन्हा एकदा आवळावे लागतात.

ती चौथ्या दिवशी आली. एकशे एक्काहत्तर झाले होते.
पाना लावला. एकही हलला नाही.
तरी मी वीसही नटांवर क्लिक वाजेपर्यंत दाबला,
आणि ती शेजारी उभी राहून
एकेक मोजत होती, ओठांत.
सोळावा जरा चढा वाजला, म्हणाली.